मॉरिशसला राहायला जायचं म्हणजे

मॉरिशसमध्ये घर विकत घ्यायचं आणि त्या घराच्या जोरावर तिथं राहण्याचा परवाना मिळवायचा, तर घराची किंमत किमान 3,75,000 डॉलर असावी लागते. भारतात राहणाऱ्या माणसाला मात्र रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरच देशाबाहेर पाठवता येतात. म्हणजे एकट्या माणसाची ऐपत असली, तरी त्याला एका वर्षात ही खरेदी पुरी करता येत नाही. एकतर नवरा-बायको दोघांनी मालकीत नाव लावून आपापली मर्यादा वापरायची, नाहीतर थोडी रक्कम 31 मार्चपर्यंत आणि उरलेली 1 एप्रिलपासून पुढे पाठवायची. शिवाय दहा लाख रुपयांच्या वर जी रक्कम जाईल, तिच्यावर बँक 20 टक्के कर आगाऊ वसूल करते. हा कर पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण विवरणपत्र भरून हिशेब लागेपर्यंत ते पैसे अडकून राहतात. निळ्या समुद्राची छायाचित्रं छापलेल्या जाहिरातीत हा हिशेब नसतो, आणि पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत भरणाऱ्या मालमत्ता प्रदर्शनांतही तो क्वचितच कुणी आपण होऊन सांगतं.

गेल्या काही वर्षांत परदेशी स्थायिक होण्याचा विचार करणाऱ्या मध्यमवर्गीयांच्या बोलण्यात अमेरिका-कॅनडाच्या जोडीनं छोट्या द्वीपराष्ट्रांची नावं येऊ लागली आहेत. कॅरिबियन समुद्रातला सेंट किट्स अँड नेव्हिस हा देश तर 1984 पासून गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतो. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं, त्यामुळे तो मार्ग फार थोड्यांचा. नागरिकत्व न सोडता नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा निवृत्तीनंतर राहायला जाता येईल अशा बेटांत मराठी माणसाला सगळ्यात जवळचं वाटावं असं बेट मॉरिशस. मुंबईहून थेट विमानानं सहा तासांच्या जरा वर. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते, आणि मोका इथं महाराष्ट्र भवनाच्या आवारात एप्रिल 2023 पासून छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे.

ही जवळीक खरी आहे. पण तिच्यावर विसंबून निर्णय घेण्याआधी या बेटाचा आकार लक्षात घ्यायला हवा, कारण तिथले सगळे नियम त्या आकारातून निघतात.

मॉरिशसचं मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 5,207 चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे मॉरिशस त्याच्या साधारण एकतृतीयांश. सिंधुदुर्गात 2011 च्या जनगणनेनुसार साडेआठ लाख माणसं राहतात, तर मॉरिशसमध्ये साधारण साडेबारा लाख. त्यात डोंगर, राखीव जंगल, तलाव आणि मैलोन् मैल ऊस. उरलेल्या जागेत घरं, शाळा, कारखाने, विमानतळ आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त पर्यटकांची सोय. अशा देशाला जमीन वाढवता येत नाही. म्हणून 1975 सालीच तिथं कायदा झाला: परदेशी नागरिकाला सरकारी परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता घेता येणार नाही. राजधानी पोर्ट लुईच्या एखाद्या गल्लीत किंवा कात्र बोर्नच्या बाजाराजवळ आवडलेलं जुनं घर परदेशी माणसानं पसंत करावं आणि सौदा करून टाकावा, अशी सोय आजही नाही. सरकारनं आखून दिलेल्या योजनांमधलीच घरं त्याच्यासाठी खुली असतात. तळमजल्यावर किमान दोन मजले असलेल्या इमारतीतला फ्लॅट ही त्यातली एक सवलत, तीही किमान किमतीची अट घालून.

या योजना आल्या कुठून, याची गोष्ट मोठी आहे आणि ती उसाची आहे.

मॉरिशसच्या साखरेला 1975 पासून युरोपच्या बाजारात ठरलेला कोटा आणि जागतिक भावाच्या कितीतरी वरचा भाव मिळत असे. त्या करारावर देश उभा राहिला. पुढे युरोपीय संघानं साखरेच्या हमीभावात 36 टक्के कपात केली आणि 2009 मध्ये तो करारच संपला. ही वेळ येणार हे साखर कंपन्यांना आधीच दिसत होतं. त्यांच्याकडे कारखाने होते, आणि त्याहून मोलाची हजारो एकर जमीन होती, बरीचशी समुद्राच्या बाजूला. 2002 मध्ये सरकारनं परदेशी ग्राहकांसाठी बंगले बांधून विकण्याची पहिली मोठी योजना आणली. 2007 मध्ये लहान जमीनमालकांसाठी तशीच दुसरी आली. 2015 मध्ये दोन्ही एकत्र करून नवी योजना झाली आणि तिच्याच जोडीला ‘स्मार्ट सिटी’ची. आज पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक, तामारिन या पट्ट्यात किंवा मध्यभागी मोकाच्या आसपास जी नवी वसाहत दिसते, तिच्याखालची जमीन एका पिढीपूर्वी बहुतेक ठिकाणी उसाची होती. खरेदीदारांत फ्रेंच आणि दक्षिण आफ्रिकी नागरिक पुढे आहेत; भारतीयांचं प्रमाण त्यामानानं कमी.

गुलामगिरीनंतर त्या उसात कोण राबलं, हे मराठी वाचकाला परकं नाही. ब्रिटिशांनी 1835 मध्ये बेटावरची गुलामगिरी बंद केली, आणि त्याच्या थोडं आधीच मळ्यांसाठी करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. पुढच्या नव्वदेक वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून या बेटावर आली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि एक लहान पण ठळक गट मुंबई बंदरातून गेलेला, कोकणातला आणि देशावरचा. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत होती. करार संपलेल्या मजुरालाही ओळखपत्राशिवाय फिरायची मुभा नव्हती. 1860 च्या दशकापासून त्या ओळखपत्रावर छायाचित्र लावायला सुरुवात झाली. ते दप्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेलं आहे. खापरपणजोबांचं नाव, गाव, जात, उंची आणि कधी कधी चेहरासुद्धा त्यात सापडतो. मजूर जिथं उतरत, तो आप्रवासी घाट 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

मराठी कुटुंबं प्रामुख्यानं बेटाच्या पश्चिमेला, ब्लॅक रिव्हर जिल्हा आणि वाकोआच्या बाजूला वसली. हेन्रिएटा गावात 1896 मध्ये गणपती बसवला गेला, तो बेटावरचा पहिला गणेशोत्सव मानतात. घरातली भाषा हळूहळू क्रिओल, म्हणजे बेटाची बोलभाषा, झाली. मराठी उरली ती आरतीत, लग्नाच्या विधीत, झाकरीच्या गाण्यांत आणि शाळेत. झाकरी म्हणजे कोकणातल्या जाखडीचीच बहीण. मॉरिशसच्या सरकारी शाळांत आजही मराठी हा विषय शिकता येतो, आणि तिथल्या मराठी मंडळांचा महासंघ 1960 पासून काम करतो आहे. भारतातून नव्यानं जाणाऱ्या माणसानं इथं एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. या लोकांना मराठी असल्याचा अभिमान आहे, पण ते मॉरिशसचे नागरिक आहेत, पाच-सहा पिढ्यांचे. त्यांचं राजकारण, विनोद, वर्तमानपत्रं, आजारपणातली चौकशी हे सगळं क्रिओल आणि फ्रेंचमध्ये चालतं. मुंबईहून आलेला मराठी माणूस त्यांना पाहुणा म्हणून प्रिय असतो. पण तो आपोआप त्यांच्यातला होत नाही.

भाषेची ही बाब नोकरीसाठी जाणाऱ्यालाही लगेच जाणवते. संसदेचं काम इंग्रजीत चालतं, कायदे इंग्रजीत, ऑफिसातली पत्रं इंग्रजीत. पण त्याच ऑफिसात जेवणाच्या सुटीत एक शब्द इंग्रजी ऐकू येत नाही. वर्तमानपत्रं फ्रेंच. डॉक्टर रुग्णाशी क्रिओलमध्ये बोलतो. एबेनच्या सायबर सिटीत संगणक क्षेत्रातल्या भारतीय अभियंत्याचं इंग्रजीवर भागतं, मात्र ग्राहकांशी बोलायच्या कामाला फ्रेंच लागतेच, कारण तिथल्या कॉल सेंटरांचा मोठा भाग फ्रान्सच्या कंपन्यांसाठी चालतो.

नोकरीचा परवाना दोन जातींचा आहे, आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अभियंते, हिशेबनीस, वित्तक्षेत्रातले तज्ज्ञ, हॉटेल व्यवस्थापक अशांसाठी ‘ऑक्युपेशन परमिट’ असतं. काम करण्याचा आणि राहण्याचा परवाना एकाच कागदावर. पगार ठरावीक किमान रकमेच्या वर असावा लागतो. ही रक्कम अर्थसंकल्पागणिक बदलत आली आहे, म्हणून अर्ज करण्याच्या महिन्यातला आकडा तिथल्या आर्थिक विकास मंडळाकडूनच घ्यावा. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे भारतीय दोन रुपयांच्या जरा आत. पन्नास हजार मॉरिशस रुपये पगार ऐकायला बरा वाटतो, पण भात, डाळ, दूध पावडर, गाडी, औषधं, जवळपास सगळं जहाजानं येतं आणि त्या भाड्यासकट त्याची किंमत द्यावी लागते. भाड्याचं घर किनाऱ्याजवळ हवं की आतल्या गावात, यावर पगाराचा अर्धा हिशेब ठरतो. आणि परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की राहण्याचा आधारही सुटतो; नवीन मालक मिळाला तर नवा अर्ज.

दुसरी जात कामगारांची. इथं आकडेवारीपेक्षा माणसं समजून घ्यायला हवीत. मॉरिशसनं 1970 मध्ये निर्यातीसाठी उद्योगक्षेत्राचा कायदा केला आणि कापडाचे कारखाने उभे राहिले. आधी स्थानिक बायका तिथं कामाला गेल्या. पुढे त्यांच्या मुली शिकल्या, बँकांत आणि हॉटेलांत गेल्या, तरुण मुलं कॅनडा-फ्रान्सकडे वळली, आणि शिवणयंत्रांवर बांगलादेशी, भारतीय, मादागास्करची माणसं आली. बांधकामावर, बेकऱ्यांत, वेल्डिंगच्या कामावर भारतीय कामगार दिसतात. ते कंपनीच्या वसतिगृहात राहतात, ठरलेल्या मुदतीचा करार करतात आणि मुदत संपली की परततात. त्यांच्यासाठी ना बंगल्याची योजना, ना कुटुंब आणायची सोय. ज्या बेटानं करारी मजुरांचा घाट जागतिक वारसा म्हणून जपला, त्याच बेटावर आजही करारी मजुरांची वसतिगृहं आहेत, आणि त्यांत कधी ओव्हरटाइमच्या पैशांवरून, कधी गर्दीवरून तक्रारी होतात. आजच्या कामगाराला किमान वेतनाचा कायदा लागू आहे, कामगार खात्याकडे दाद मागता येते. 1860 च्या मजुरापेक्षा त्याची स्थिती पुष्कळ वेगळी आहे. तरी पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवू नये, हे त्याला कुणीतरी निघण्याआधी सांगायलाच हवं.

भारताच्या बाजूनं यात एक पोकळी आहे. आखाती आणि इतर काही देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी घ्यावी लागते. अशा अठरा देशांच्या यादीत मॉरिशस नाही. त्यामुळे तपासणीचा तो टप्पा इथं येत नाही आणि करार वाचण्याची जबाबदारी कामगारावर पडते. भरती करणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतं. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. कुणी दीड-दोन लाख मागत असेल, तर ते पैसे बेकायदा आहेत. शेत गहाण टाकून असे पैसे भरणाऱ्याला कराराचं पहिलं वर्ष कर्ज फेडण्यातच घालवावं लागतं.

धंदा करायला जाणाऱ्यासाठी दार जास्त उघडं आहे. किमान 50,000 डॉलरची गुंतवणूक आणि ठरलेली उलाढाल दाखवली की गुंतवणूकदाराचा परवाना मिळतो. कंपनी काढायला फार वेळ लागत नाही. कंपन्यांवरचा कर साधारण 15 टक्के, भांडवली नफ्यावर आणि वारसाहक्कावर कर नाही. या करसवलतींमुळेच मॉरिशस भारतीयांच्या कानावर पहिल्यांदा आला, तो सुटीच्या सहलींच्याही आधी शेअर बाजाराच्या बातम्यांतून. दोन देशांत 1982 मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यामुळे मॉरिशसमधल्या कंपनीनं भारतात शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर भारतात कर लागत नसे आणि मॉरिशसमध्येही जवळपास नव्हताच. पोर्ट लुईच्या एकेका पत्त्यावर शेकडो कंपन्या नोंदल्या गेल्या. एप्रिल 2000 पासूनची भारतातली परकीय गुंतवणूक एकत्र मोजली, तर साधारण चौथा हिस्सा या चिमुकल्या देशातून आलेला दिसतो. त्यातला किती पैसा भारतातूनच बाहेर जाऊन वळसा घालून परत आला, हा वाद दोन दशकं चालला. 2016 च्या सुधारणेनं 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरांवरची ती सवलत संपवली. मॉरिशस 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तीय निगराणी संस्थेच्या ‘करड्या यादी’त गेला आणि कायदे कडक करून पुढच्याच वर्षी तिच्यातून बाहेर पडला. आज तिथं खातं उघडायला जाणाऱ्या परदेशी माणसाला बँक पैशाचा उगम विचारते आणि कागद मागते, ते त्या धड्यामुळे. केवळ कर चुकवायला कंपनी काढायचा जमाना तिथं संपला आहे, आणि ते चांगलंच झालं.

भारतात निवासी करदाता म्हणून राहून मॉरिशसमध्ये घर किंवा कंपनी घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी. परदेशातली मालमत्ता दरवर्षी आयकर विवरणपत्रात दाखवावीच लागते. उत्पन्न शून्य असलं तरी. घर दाखवायचं राहून गेलं, तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यानुसार दहा लाख रुपये दंड होऊ शकतो.

वारसाचा मुद्दा तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. ब्रिटिशांनी 1810 मध्ये बेट जिंकलं, तेव्हा तिथल्या फ्रेंच रहिवाशांचे कायदे आणि चालीरीती कायम ठेवण्याचं मान्य केलं. म्हणून मॉरिशसमध्ये मालमत्तेचे व्यवहार आजही नेपोलियनच्या दिवाणी संहितेतून आलेल्या कायद्यानं चालतात. खरेदीखत नोटरीसमोर होतं, आणि तिथला नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारा नव्हे. तो व्यवहाराची तपासणी करणारा, पैसे सांभाळणारा सार्वजनिक अधिकारी असतो. बांधकाम सुरू असलेलं घर घेतलं, तर बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे देण्याची फ्रेंच पद्धत आहे. आणि मालक वारला, तर मॉरिशसमधल्या स्थावरावर मॉरिशसचा वारसा कायदा लागतो. त्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो. सगळं घर पत्नीच्या किंवा एकाच मुलीच्या नावे करणारं पुण्यात केलेलं मृत्युपत्र तिथं जसंच्या तसं चालेल, असं धरून चालू नये. खरेदीच्या दिवशीच हा प्रश्न नोटरीला विचारलेला बरा.

आता निवृत्तीचं. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला दहा वर्षांचा निवास परवाना मिळतो. अट एकच मुख्य: दर महिन्याला ठरलेली रक्कम परदेशातून मॉरिशसच्या बँकेत आली पाहिजे. ही रक्कम दीड हजार डॉलर होती, अलीकडे ती दोन हजारांकडे गेली. दोन हजार डॉलर म्हणजे महिना पावणेदोन लाख रुपयांच्या घरात, वर्षाला वीस लाखांच्या वर. राज्य सरकारी किंवा बँकेच्या पेन्शनवर जगणाऱ्या बहुसंख्य मराठी कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट आहे, हे सरळ सांगायला हवं. ज्यांना परवडतं, त्यांना तिथं नोकरी करून पगार घेता येत नाही. घर मात्र भाड्यानं घेऊन राहता येतं, विकत घेण्याची सक्ती नाही, आणि या मार्गाची खरी सोय हीच आहे. काही वर्षं नियम पाळले, तर पुढे वीस वर्षांच्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.

बेट निवृत्तांना बोलावतं, पण ते स्वतःही म्हातारं होत चाललं आहे. जन्मदर कमी, तरुण बाहेर. साठीनंतर प्रत्येक नागरिकाला पेन्शन देणारी तिथली व्यवस्था आफ्रिकेत आदर्श मानली गेली. 2025 च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान नवीन रामगुलाम यांच्या सरकारनं ते वय टप्प्याटप्प्यानं 65 वर नेण्याचं ठरवलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. ही पेन्शन परदेशी निवृत्ताला लागू नाही. खासगी रुग्णालयं चांगली आहेत आणि बिलंही तशीच आहेत. गुंतागुंतीच्या काही उपचारांसाठी मॉरिशसचे नागरिकच भारतात येतात. सत्तरीतला हृदयरोगी सहा तासांचं विमान करून उपचारासाठी मुंबईला परतणार असेल, तर त्यानं तो खर्च आणि तो धोका आधीच मांडून पाहावा.

हवामानाचं वर्णन जाहिरातीत ‘बारा महिने वसंत’ असं असतं. वस्तुस्थिती अशी, की लहानशा बेटावर वेगवेगळी हवामानं आहेत. क्युरपीप समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, सतत ओलं, जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर काढू न देणारं. पश्चिम किनारा कोरडा आणि तापलेला. नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा चक्रीवादळांचा काळ. 1960 च्या ‘कॅरोल’ वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली, हजारो घरं जमीनदोस्त झाली, आणि त्यानंतर पत्रा-लाकडाच्या जागी सिमेंट काँक्रीटची ठोकळेबाज घरं आली. आज मॉरिशसची गावं दिसायला साधी वाटतात, त्याचं कारण हे आहे. इशाऱ्याच्या श्रेणी शाळकरी पोरांनासुद्धा पाठ असतात. मार्च 2013 मध्ये पोर्ट लुईत काही तासांच्या पावसानं आलेल्या पुरात अकरा जण दगावले. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ वादळानं राजधानीच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून नेल्या. दरीच्या तोंडाशी किंवा ओढ्याच्या काठी स्वस्त मिळणारं घर का स्वस्त आहे, याचं उत्तर बऱ्याचदा पावसाळ्यात मिळतं.

समुद्राचा किनारा मात्र विकाऊ नाही. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची, आणि फ्रेंच काळापासून किनाऱ्यालगतचा सुमारे 81 मीटरचा पट्टा सरकारी राखीव आहे. तो हॉटेलांना, बंगल्यांना भाडेपट्ट्यानं दिला जातो. रविवारी गावोगावची कुटुंबं टेम्पो भरून, पातेली घेऊन किनाऱ्यावर येतात, झाडांखाली चटया टाकतात, डफासारखी रावान तापवून सेगा गातात. एखाद्या नव्या हॉटेलमुळे वाट बंद झाली, की आंदोलन होतं. किनाऱ्याशी या लोकांचं नातं किती घट्ट आहे, ते 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये जगानं पाहिलं. ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल खाडीत सांडलं. सरकारची यंत्रणा हलण्याआधी हजारो लोक जमले आणि कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरून त्यांनी तेल अडवणारे तरंगते बांध शिवले. पाचट, जे आपल्याकडे शेतात जाळतात. परदेशी मालकांच्या बंगल्यांमुळे जमिनीचे भाव चढले, तरुण जोडप्याला स्वतःच्या गावात घर परवडेनासं झालं, ही तक्रार याच लोकांची आहे आणि ती रास्त आहे. नव्यानं जाणाऱ्या श्रीमंत भारतीयानं ती ऐकून घ्यायला हवी.

भारतीयाला काही सोयी नक्कीच जास्त आहेत. बँक ऑफ बडोदा तिथं 1962 पासून आहे. पोर्ट लुई ते क्युरपीप धावणारी मेट्रो भारताच्या मदतीनं, लार्सन अँड टुब्रोनं बांधली. फेब्रुवारी 2024 पासून यूपीआयनं पैसे देता येतात. रस्त्यावरच्या गाडीवर गरम दालपुरी मिळते, बाजारात कोथिंबीर आणि कढीपत्ता मिळतो, महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे लाखो लोक पायी निघतात, तेव्हा रस्त्यात अनोळखी माणूस हाक मारून सरबत देतो.

परवान्याचा किंवा खरेदीचा अर्ज करण्याआधी राहून पाहण्याची सोयही आता आहे. पर्यटनासाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. त्याहून लांब मुक्कामासाठी 2020 च्या अखेरीस ‘प्रीमियम व्हिसा’ सुरू झाला: एक वर्षाचा, परदेशातून उत्पन्न असलेल्यांसाठी, तिथं नोकरी न करण्याच्या अटीवर. त्यावर जायचं तर डिसेंबरच्या सुट्यांत हॉटेलात उतरू नये. जानेवारी ते मार्च जावं, फ्लॅट भाड्यानं घ्यावा, एक महिना फ्लिक-आँ-फ्लाकला आणि एक महिना वाकोआ किंवा कात्र बोर्नला काढावा, बसनं फिरावं. घरमालकाला वादळात पाणी कुठपर्यंत येतं आणि वीज किती दिवस जाते ते विचारावं. जवळच्या सरकारी दवाखान्यात एकदा जाऊन रांग पाहून यावी. विमा कंपनीकडून आपल्या वयाचा हप्ता लेखी घ्यावा. आणि पुण्यातला किंवा नाशिकचा फ्लॅट तोपर्यंत विकू नये.